गोव्याच्या पावसात घराला बाहेरून लाकूड: कुठे लावावे आणि कसे लावावे

आपला प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. मांद्रे येथे समुद्रापासून साधारण अर्ध्या किलोमीटरवर आपल्या चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) दुमजली घराचे काम चालू आहे. वास्तुविशारदांनी वरच्या मजल्याच्या पश्चिम आणि दक्षिण भिंतींना बाहेरून आडव्या लाकडी फळ्या बसवण्याचे सुचवले आहे. हे लाकूड इथल्या पावसात टिकेल का, टिकायचे असेल तर कोणते घ्यावे आणि त्यावर काय लावावे, आणि या सगळ्या कटकटीपेक्षा डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा व प्लास्टिक यांच्या मिश्रणाच्या फळ्या) लावून मोकळे व्हावे का, असे आपले तीन प्रश्न आहेत. आपले मेस्त (सुतार) म्हणतात की अस्सल सागवान घेतले आणि वर पॉलिशचे तीन हात दिले की पुढे बघायला नको. गोव्यात आणि लगतच्या सिंधुदुर्गात अशी बाहेरची लाकूडकामे मी बरीच वर्षे करून घेत आलो आहे. मेस्तांच्या सागवानाबद्दल माझी तक्रार नाही, पॉलिशबद्दल मात्र आहे, आणि मुख्य अडचण या दोन्हींच्या पलीकडची आहे.

आधी उत्तर सांगतो. आपल्या हवामानात बाहेरचे लाकूड टिकते, मात्र ते जातीपेक्षा आणि लेपापेक्षा भिजल्यानंतर किती लवकर सुकते यावर टिकते. सुकण्याची सोय केलेली साधारण प्रतीची फळी भिंतीला चिकटवून बसवलेल्या उत्तम सागवानापेक्षा जास्त वर्षे जाते. म्हणून पश्चिमेच्या उघड्या भिंतीवर, वळचणीचा आडोसा नसताना, फळ्या लावू नयेत असेच मी म्हणेन. तेच लाकूड घराच्या दुसऱ्या भागात, नीट पोकळी सोडून लावले तर मला त्याची धास्ती वाटत नाही.

धोका नेमका किती आहे, याचा हिशेब करता येतो. शेफर या अमेरिकन संशोधकांनी १९७१ मध्ये जमिनीला न टेकलेल्या लाकडाच्या कुजण्याचा धोका मोजण्यासाठी एक सोपे सूत्र दिले. महिन्याच्या सरासरी तापमानातून २ वजा करायचे, पाऊस पडलेल्या दिवसांच्या संख्येतून ३ वजा करायचे, दोन्हींचा गुणाकार करायचा आणि बारा महिन्यांची बेरीज १६.७ ने भागायची. उत्तर ३५ च्या खाली असेल तर धोका कमी, ६५ च्या वर असेल तर जास्त. गोव्यातील जुलैचे सरासरी तापमान २६ अंश आणि पावसाचे दिवस २७ धरले, तर त्या एका महिन्याचाच आकडा ३४ च्या पुढे जातो, म्हणजे कमी धोक्याच्या प्रदेशात वर्षभरात जेवढे घडते तेवढे इथे एका महिन्यात घडते. जून ते सप्टेंबर मिळून शंभरी सहज ओलांडली जाते. युरोपातील ज्या घरांची छायाचित्रे पाहून अशा कल्पना सुचतात, ती घरे या मापाने बहुतेक वेळा फार खालच्या पायरीवर असतात, त्यामुळे तिथला तपशील जसाच्या तसा उचलणे धोक्याचे ठरते.

लाकडातील ओलावा २० टक्क्यांच्या खाली राहिला तर ते कुजवणारी बुरशी वाढू शकत नाही, असा व्यवहारातला ठोकताळा आहे. अडचण अशी की पावसाळ्यात आपल्याकडे हवेची आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास रेंगाळते आणि अशा हवेत ठेवलेले लाकूड, त्याला पाण्याचा एक थेंबही न लागता, साधारण १८ टक्क्यांवर जाऊन बसते. म्हणजे आपल्या हातात फक्त दोनेक टक्क्यांची सवलत उरते. सांध्यात अडकलेले, स्क्रूच्या डोक्याशी साचलेले किंवा गिलाव्याला टेकलेल्या फळीमागे झिरपलेले थोडे पाणीही ती सवलत खाऊन टाकते, आणि तिथेच कुजायला सुरुवात होते. बाहेरून फळी धडधाकट दिसते, पण मागून अणकुचीदार पेचकस रोवला की तो लोण्यात शिरावा तसा आत जातो.

गोव्यातील जुनी घरे या दृष्टीने नीट पाहावीत. त्यांत लाकडाची काटकसर मुळीच नाही: वासे, तुळया, खांब, जिने, तक्तपोशी, शिंपल्यांची तावदाने बसवलेल्या खिडक्या, सगळीकडे लाकूड आहे. पण ते जवळजवळ सगळे कौलांच्या छायेत आहे. पावसाला तोंड देण्याचे काम चिरा आणि चुन्याचा गिलावा यांच्याकडे आहे. मातीच्या भिंतींना किंवा पश्चिमेच्या ओट्याला झड लागत असेल तर जूनच्या तोंडावर माडाच्या विणलेल्या झावळ्यांचे झाप बांधत आणि पाऊस संपला की काढून टाकत. घराला बाहेरून लावायचे सेंद्रिय आवरण एका पावसाळ्यापुरतेच असते, हे जुन्या लोकांनी गृहीत धरले होते. पाळोळे आणि आगोंद येथील किनाऱ्यावरच्या लाकडी खोल्या दरवर्षी पावसापूर्वी सोडवून ठेवल्या जातात. त्याला परवान्याचे कारण आहेच, पण तशा खोल्या जुलैच्या वाऱ्यापावसात उभ्या ठेवून त्यांची डागडुजी करत बसणे कोणाला परवडले असते, असेही मला वाटते.

यावरून जागेची निवड ठरते. आपल्याकडे मोसमी वारा नैऋत्येकडून व पश्चिमेकडून येतो, त्यामुळे झड मुख्यतः पश्चिम आणि दक्षिण या दोन बाजूंना बसते, आणि नेमक्या त्याच बाजू वास्तुविशारदांनी निवडल्या आहेत. दुपारचे ऊनही पश्चिमेलाच सर्वाधिक लागते. घराच्या छेदचित्रावर वळचणीच्या टोकापासून भिंतीकडे ४५ अंशांत खाली येणारी रेघ ओढून पाहा. जोराच्या सरीत या रेघेखालची भिंत भिजते असे समजावे. वळचण १.२ मीटर पुढे असेल तर भिंतीचा फक्त वरचा १.२ मीटर भाग सुरक्षित राहतो आणि ३ मीटर उंचीच्या मजल्याचा बाकीचा सगळा भाग पाण्यात जातो. म्हणून मी असे सुचवीन की पश्चिमेच्या बाजूला सज्जा असेल तर त्याच्या आतल्या भिंतीवर फळ्या घ्याव्यात, दर्शनी बाल्कावच्या (प्रवेशाच्या ओसरीच्या) छताखाली घ्याव्यात, किंवा पूर्वेच्या भिंतीवर घ्याव्यात. तिथे सकाळचे ऊन मिळते आणि झड कमी लागते. उत्तरेची भिंत वाटते तितकी सोपी नाही, कारण ती कमी भिजत असली तरी सुकायला वेळ घेते आणि ऑगस्टपर्यंत तिच्यावर शेवाळ धरते. पश्चिमेलाच लाकूड हवे असा आग्रह असेल, तर भिंतीला चिकटून न लावता भिंतीपासून सुटी उभी केलेली, चौकटीसकट खाली उतरवता येणारी पट्ट्यांची जाळी करावी. तिच्यातून वारा खेळतो, ती ऊन अडवते, आणि दहा वर्षांनी चार पट्ट्या बदलल्या तर कोणाला कळतही नाही.

आता बसवण्याची पद्धत. यावर मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण माझ्या पाहण्यातील बहुतेक कामे लाकडामुळे नव्हे तर या टप्प्यावर बिघडली आहेत. पहिली गोष्ट, पाणी अडवण्याचे अंतिम काम भिंतीचे आहे, फळ्यांचे नाही. फळ्यांमागे पाणी जाणार हे धरूनच चालावे. चिरा सच्छिद्र असतो, तेव्हा फळ्या लावण्यापूर्वी भिंतीला दोन थरांचा गिलावा पूर्ण करून त्यावर बाह्य भिंतीचा जलरोधक रंग किंवा लेप द्यावा. फळ्यांनी झाकायचेच आहे म्हणून गिलावा अर्धवट सोडण्याची युक्ती अनेक कंत्राटदार करतात, ती चालवून घेऊ नये. खिडक्यांभोवतीचे सांधे याच टप्प्यावर पूर्ण करावेत आणि नळीने पाणी मारून आत ओल येते का ते पाहावे. फळ्या बसल्यावर गळती शोधणे फार खर्चिक होते.

त्यानंतर भिंतीवर उभ्या रिपा, म्हणजे फळ्या ज्यांवर बसतात त्या लाकडी पट्ट्या, येतात. फळ्या आडव्या असतील तर रिपा उभ्याच हव्यात, म्हणजे मागे आलेले पाणी अडथळ्याविना खाली उतरते आणि हवा खालून वर जाते. थंड देशांच्या पुस्तकांत २० ते २५ मिलिमीटर पोकळी पुरेशी मानतात. आपल्याकडे मी ४० मिलिमीटर घेतो, कारण पावसाळ्यात हवाच दमट असते आणि ती हलती राहिली तरच काही सुकते. पोकळी खाली आणि वर, दोन्हीकडे उघडी राहिली पाहिजे. वरचे तोंड नीटनेटके दिसावे म्हणून सुतार हटकून एक पट्टी ठोकून ते बंद करतात, आणि मग आतली हवा कोंडते. उघड्या तोंडांना स्टेनलेस स्टीलची बारीक जाळी लावावी, नाहीतर पहिल्याच वर्षी आत पाली, गांधीलमाश्यांची पोळी आणि उंदीर यांचा संसार थाटला जातो. वास्तुविशारदांना उभ्या फळ्या हव्या असतील तर आडव्या रिपांच्या मागे आणखी एक उभ्या रिपांचा थर लागतो. खर्च वाचवण्यासाठी तो गाळला तर प्रत्येक आडवी रीप पाणी धरून ठेवणारे ताट बनते.

चिऱ्याच्या भिंतीत रिपा पकडणे हे एक वेगळेच प्रकरण आहे. चिरा मऊ असतो, त्यात आधीच भोके असतात, आणि नेहमीचा छोटा नायलॉन प्लग त्यात फिरत राहतो. हाताला घट्ट वाटलेला स्क्रू दोन पावसाळ्यांनी ढिला पडतो. शक्य तिथे रिपा काँक्रीटच्या तुळयांना व खांबांना पकडाव्यात. मधल्या भागात लांब फ्रेम-फिक्सिंग (लांब प्लगसह येणारे स्क्रू) किंवा रासायनिक अँकर (भोकात रेझिन भरून पक्के केलेले बोल्ट) वापरावेत आणि काम सुरू करण्यापूर्वी दोन-तीन ठिकाणी ओढून पाहावे. रिपांचे लाकूड फळ्यांपेक्षा हलके घेण्याची प्रथा आहे. ती मला पटत नाही, कारण फळी बदलणे सोपे असते, तर रीप कुजली की सगळे उतरवावे लागते.

फळ्यांची सर्वांत खालची कड जमिनीपासून, सज्ज्याच्या फरशीपासून किंवा खालच्या छज्ज्यापासून पुरेशी वर हवी. इतरत्र १५० मिलिमीटर सांगतात, पण आपल्याकडच्या थेंबांची उसळी पाहता मोकळ्या जमिनीवर ३०० ते ४५० मिलिमीटर सोडावेत. लाल मातीचे शिंतोडे कुठवर चढतात ते कोणत्याही कुंपणाच्या भिंतीवर सप्टेंबरमध्ये पाहता येते. आडव्या फळीची वरची कड बाहेरच्या बाजूला १५ अंशांचा उतार देऊन रंधावी आणि खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच घ्यावी. नर-मादी खाचेचा जोड आतल्या तक्तपोशीला शोभतो, पण बाहेर आडव्या फळ्यांत ती खाच पाणी साठवते. त्याऐवजी एकावर एक चढणारा साधा जोड घ्यावा, किंवा ८ ते १० मिलिमीटर फट ठेवून फळ्या सुट्या लावाव्यात. सुट्या फळ्या आपल्या हवामानाला जास्त मानवतात, फक्त त्यांच्यामागचा गिलावा व लेप निर्दोष हवा, कारण तो उघडाच पडतो.

फळीचे टोक, म्हणजे जिथे ती आडवी कापलेली असते तो भाग, तंतूंच्या उघड्या नळ्यांतून पाणी ओढतो, आणि सपाट पृष्ठापेक्षा अनेक पटींनी जास्त ओढतो. म्हणून दोन फळ्यांची टोके एकमेकांना भिडवू नयेत, मध्ये ८ ते १० मिलिमीटर जागा सोडावी आणि कापलेले प्रत्येक टोक बसवण्यापूर्वी लेपात बुडवावे किंवा ब्रशने भरून घ्यावे. जागेवर करवत चालली की हे काम विसरले जाते. काम चालू असताना लेपाचा डबा आणि ब्रश परांचीवर कापणाऱ्या माणसाच्या शेजारीच ठेवायला लावणे हा माझा साधा उपाय आहे.

यानंतर लाकडाच्या हालचालीचा मुद्दा. सागवान हे फार कमी हलणारे लाकूड आहे. ओल्या अवस्थेपासून पूर्ण सुकेपर्यंत ते वार्षिक वलयांच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के आणि त्रिज्येच्या दिशेने सुमारे २.५ टक्के आकसते. याचा अर्थ वलयांच्या दिशेने चिरलेली १४० मिलिमीटर रुंदीची फळी, तिचा ओलावा १२ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर गेला की, जवळपास पावणेदोन मिलिमीटर फुगते. मे महिन्यात दहा फळ्या अंगाला अंग लावून बसवल्या तर जुलैत त्या १७ मिलिमीटर जागा मागतात, आणि ती न मिळाल्याने बाहेर फुगतात किंवा स्क्रू उपटतात. उलट, ऑक्टोबरात फुगलेल्या स्थितीत बसवल्या तर मार्चमध्ये सांधे उघडतात. म्हणून बसवण्याची वेळ विचारून फट ठरवावी लागते. माझी पसंती डिसेंबर ते फेब्रुवारी या काळाला आहे. ओलावामापकाने प्रत्येक गठ्ठ्यातील काही फळ्या तपासून तो १४ ते १६ टक्क्यांच्या दरम्यान आहे याची खात्री करावी. भारतीय मानक २८७ मध्ये आर्द्रतेनुसार देशाचे विभाग पाडून प्रत्येक विभागासाठी मान्य ओलावा दिलेला आहे, आणि वर्षाची सरासरी आर्द्रता ६७ टक्क्यांच्या वर असलेला किनारी भाग त्यातील सर्वांत दमट विभागात मोडतो. वखारीवाल्याने ‘पूर्ण सुके आहे’ असे सांगणे आणि मापकाचा आकडा यांत मोठे अंतर असू शकते. फळीची रुंदी १२० मिलिमीटरच्या आत आणि जाडी २० ते २२ मिलिमीटर ठेवली तर ती पिळणे व वाकणे बरेच आटोक्यात राहते.

लाकडाच्या जातीचा प्रश्न आपण पहिला विचारला होता, मी त्याला मुद्दाम इतक्या उशिरा हात घातला. सागवान घ्यायचे तर गाभ्याचेच घ्यावे. सागाची कीर्ती गाभ्याला मिळालेली आहे, कडेचे फिकट लाकूड सागाचे असले तरी आंब्याच्या फळीपेक्षा फार वरचे नसते, त्याला भुंगेरा लागतो आणि ते कुजते. लागवडीतील कमी वयाच्या सागात हा फिकट भाग बराच असतो, म्हणून भाव ठरवताना ‘फिकट कड चालणार नाही’ हे लेखी घ्यावे. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेच्या चाचण्यांत लाकडाचे खुंट जमिनीत पुरून ते किती महिने टिकतात हे मोजले गेले. त्या आधारे १२० महिन्यांहून जास्त टिकणारी जात उच्च टिकाऊ, ६० ते १२० महिने टिकणारी मध्यम आणि त्याखालची कमी टिकाऊ अशी वर्गवारी भारतीय मानक ४०१ मध्ये आहे. साग पहिल्या वर्गात आहे, आंबा आणि सावर शेवटच्या. हे आकडे जमिनीत पुरलेल्या खुंटांचे आहेत, भिंतीवरची फळी त्याहून जास्त जगते, पण जातींची आपसातली तुलना करायला ते उपयोगी पडतात.

स्थानिक लाकडांत जांबा कणखर आणि टिकाऊ आहे, मात्र रंध्याला फार त्रास देतो आणि नीट न सुकवता लावला तर पिळतो. ऐन, ज्याला इथे माट म्हणतात, तो आणि किंजळ हे सागापेक्षा जास्त हलतात. रिपांना ते चालतील, रुंद फळ्यांना मी घेत नाही. फणसाचे लाकूड देखणे असते, पण त्याची जागा आडोशाखाली. घरच्या भाटातील (बागायतीतील) झाड कापून फळ्या पाडण्याचा विचार असेल तर १९८४ च्या गोवा, दमण व दीव वृक्षसंरक्षण कायद्याखाली आधी परवानगी घ्यावी लागते, हे लक्षात असू द्यावे.

बाजारात आता उष्णतेने प्रक्रिया केलेले आयात लाकूडही मिळते. ते वाफेच्या वातावरणात १९० ते २१२ अंश सेल्सिअसपर्यंत तापवलेले असते, त्यामुळे कमी फुगते आणि कुजण्यालाही चांगले तोंड देते. मात्र ते थोडे ठिसूळ होते, स्क्रूसाठी आधी भोक पाडावेच लागते, आणि वाळवीपासून त्याला संरक्षण मिळत नाही. विक्रेते ही शेवटची गोष्ट सांगायला बहुधा विसरतात. असेटिलेशन (लाकूड कमी पाणी शोषेल अशी रासायनिक प्रक्रिया) केलेले पाइन त्याहून सरस, पण आपल्या अंदाजपत्रकात ते बसेल असे वाटत नाही. साधे पाइन घ्यायचेच तर कारखान्यात निर्वात-दाब पद्धतीने परिरक्षक भरलेले घ्यावे. ब्रशने वरून लावलेले औषध पृष्ठभागाच्या फार आत जात नाही, आणि बोरॉनची क्षारे पावसाने धुऊन निघतात.

वाळवीविषयी थोडक्यात. पायात भारतीय मानक ६३१३ प्रमाणे प्रक्रिया झाली असेल अशी अपेक्षा आहे. तरीही वरच्या मजल्यावरच्या फळ्यांपर्यंत वाळवी भिंतीवरून मातीच्या नळ्या करत चढू शकते, म्हणून फळ्यांखालचा भिंतीचा पट्टा नजरेसमोर मोकळा ठेवावा, त्याला लागून कुंड्या, वेली किंवा लाकडाची रास नको. उडणारा काळा भुंगा मऊ लाकडात करंगळी जाईल एवढे भोक पाडतो, सागाच्या घट्ट गाभ्याला तो सहसा हात लावत नाही.

स्क्रू ही छोटी गोष्ट आहे आणि तिच्यावर काटकसर करणे सर्वांत महागात पडते. समुद्र इतका जवळ असताना जस्ताचा मुलामा दिलेले स्क्रू टिकणार नाहीत. शिवाय टॅनिन हे तुरट द्रव्य असलेल्या लाकडाचा लोखंडाशी संबंध आला की प्रत्येक डोक्याखाली निळसर काळा ओघळ उतरतो. ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीललाही खाऱ्या हवेत तपकिरी डाग पडतात. ३१६ प्रतीचे घ्यावेत, त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असल्याने ते क्लोराइडला जास्त दाद देत नाहीत. दुकानात दोन्ही सारखेच दिसतात, चुंबकानेही फरक कळत नाही, म्हणून खोक्यावरची प्रत आणि बिलावरची नोंद दोन्ही तपासावी. डोके पृष्ठाशी समतल ठेवावे. ते आत रुतवून वर लांबी (पुट्टी) भरली की तिथे पाण्याची वाटी तयार होते.

आता मेस्तांचे पॉलिश. मेलामाइन, पीयू (पॉलियुरेथेन) किंवा वॉर्निश हे पृष्ठभागावर काचेसारखा थर करतात. घरातल्या कपाटाला ते योग्य आहेत. बाहेर लाकूड फुगते-आकसते, थर मात्र तितका ताणला जात नाही, त्यामुळे सांध्यांशी आणि कडांशी केसासारख्या चिरा पडतात. त्या चिरेतून पाणी झटकन आत शिरते आणि बाकीचा शाबूत थर ते बाहेर पडू देत नाही. त्यात पारदर्शक थरातून येणारे ऊन खालच्या लाकडातील लिग्निन, म्हणजे तंतू बांधून ठेवणारे द्रव्य, फोडत राहते, म्हणजे थर ज्या पृष्ठाला धरून असतो तेच भुसभुशीत होते आणि दुसऱ्या पावसाळ्यानंतर पापुद्रे सुटू लागतात. मग सगळे घासून काढण्याशिवाय इलाज नसतो, आणि वरच्या मजल्यावर परांची बांधून ते करणे म्हणजे काय याची कल्पना आपल्याला येईलच. याउलट लाकडात मुरणारे, थोडे रंगद्रव्य असलेले बाहेरच्या वापराचे तेल निवडावे. रंगद्रव्य महत्त्वाचे, कारण ऊन तेच अडवते. बिनरंगाचे तेल पाणी काही काळ झटकते पण उन्हापुढे निकामी ठरते. पहिले दोन हात फळ्या बसवण्यापूर्वी, मागची बाजू आणि चारही कडा धरून सर्व अंगांना द्यावेत. पुढे आडोशाच्या भागात दोन वर्षांनी आणि उन्हाच्या भागात दरवर्षी, ऑक्टोबरनंतर लाकूड सुकल्यावर, धुऊन एक हात पुरतो. कच्चे अळशीचे तेल आपल्याकडे नको, त्यावर बुरशी पोसते आणि लाकूड काळे पडते. होड्यांना लावतात ते काजूच्या टरफलाचे तेल खरोखर उपयोगी आहे, पण ते लाकूड गडद काळपट करते, कातडीवर फोड आणते आणि दर्शनी भिंतीपेक्षा रिपांच्या मागच्या बाजूलाच शोभते.

काहीच न लावता लाकूड आपोआप रुपेरी होऊ द्यावे, असेही सुचवले जाते. उघड्या उन्हात ते होते, पण वळचणीखाली तसे होत नाही. तिथे वरचा भाग तपकिरी, मधला करडा आणि खालचा बुरशीने ठिपकेदार काळा, असे पट्टे दिसतात. हे चालणार असेल तर हरकत नाही, लाकडाचे त्याने फारसे बिघडत नाही. साफ करताना मऊ ब्रश आणि सौम्य साबण वापरावा, लोखंडाचे डाग ऑक्झॅलिक ॲसिडच्या द्रावाने जातात. जोराच्या पाण्याचे यंत्र वापरू नये, ते मऊ तंतू उपटून पृष्ठ खडबडीत करते.

आगीबद्दल एवढेच की मागची पोकळी धुराड्याचे काम करते. पोकळीतून विजेच्या तारा नेऊ नयेत, वातानुकूलनाचे बाहेरचे यंत्र आणि गॅसचे सिलिंडर फळ्यांच्या लगत ठेवू नयेत.

राहिला डब्ल्यूपीसीचा प्रश्न. आपल्या बाजारात या नावाने विकल्या जाणाऱ्या पुष्कळ फळ्या प्रत्यक्षात पीव्हीसीच्या फोमच्या असतात आणि त्या घरातल्या वापरासाठी असतात. त्या बाहेर लावू नयेत. बाहेरच्या वापराचा, वरून संरक्षक आवरण चढवलेला प्रकार कुजत नाही हे खरे, पण तो उष्णतेने लांबीत वाढतो. एप्रिलच्या दुपारी गडद रंगाची ३ मीटरची फळी रात्रीच्या तुलनेत ५ मिलिमीटरच्या आसपास लांब होते, आणि क्लिपांत ती जागा ठेवली नसेल तर कमानीसारखी वाकते. शिवाय रंग उडाला की ती रंधून नवी करता येत नाही. पश्चिमेच्या भिंतीला फळ्यांचाच आभास हवा असेल, तर मी डब्ल्यूपीसीपेक्षा बाह्य वापराच्या प्रतीच्या फायबर सिमेंटच्या पट्ट्या घेईन. त्यांनाही वर सांगितलेली पोकळी, जाळी आणि ३१६ चे स्क्रू लागतातच, रंग मात्र साध्या बाह्य भिंतीसारखा देता येतो. खरे लाकूड सज्ज्याच्या आतल्या भिंतीवर, हात पोहोचेल आणि डोळ्यांना जवळून दिसेल अशा ठिकाणी ठेवावे.

छप्पर झाले असेल तर एक गोष्ट आत्ताच करता येईल. निवडलेले लाकूड, ठरलेल्या रिपा, स्क्रू आणि लेप वापरून एक चौरस मीटरचा नमुना दक्षिणेच्या भिंतीवर मे अखेरपर्यंत बसवून घ्या, त्यातील अर्ध्या भागावर मेस्तांचे पॉलिश आणि अर्ध्यावर तेल लावा. गणेश चतुर्थीनंतर दोन फळ्या सोडवून मागची बाजू पाहा, दोन्ही भागांत ओलावामापक टोचून आकडे लिहून ठेवा, आणि ते आकडे समोर ठेवूनच वास्तुविशारदांशी व मेस्तांशी पुढचे बोलणे करा.